शनिवारची रिकामी पुडी

अक्का,

कावळ्याने तुझ्या पिंडाला लगेच चोच लावली. भटजी पान ठेवून दोन पावलं मागे सरले, तोच मेहरूण तलावाच्या काठावरच्या बाभळीतून तो उतरला, भाताचा गोळा फोडला आणि उडून गेला. सगळे म्हणाले, "सुटली बाई. काही मागे ठेवलं नाही तिने." तुझ्या भावजयीने, मंगलने, पदराने डोळे पुसले. नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी ओल्या धोतरात, तोंड अर्धवट उघडं टाकून उभा राहिलो.

कारण मी तयारी करून आलो होतो. कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. तास जाईल, दोन तास जातील, ऊन डोक्यावर येईल, लोक एकमेकांकडे बघतील आणि शेवटी कुणीतरी म्हणेल, "दिगू, बहिणीचं काय राहिलं असेल ते कबूल कर बाबा." मग मी पुढे होणार होतो. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. अक्का, बारा वर्षांपूर्वी तुझे मासे मी मारले आणि नाव आपांचं घेतलं. तुझी एकुलती एक मैत्रीण माझ्यामुळे तुटली.

धुळ्याहून येताना एसटीत हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा मंगल म्हणालीसुद्धा, "काय पुटपुटताय?"

तू मला तेवढाही वेळ दिला नाहीस. जिवंतपणी कधी आग्रह केला नाहीस, मेल्यावर तरी करशील असं वाटलं होतं. ते वाक्य तोंडातच राहिलं. म्हणून हे लिहितोय.

तुझ्या घरी परत आलो आणि कुलूप काढलं. सुतकाचे दिवस आम्ही धुळ्याला काढले होते. किल्ली तेव्हापासून माझ्याच खिशात होती. समोरच्या खोलीत माशांची टाकी तशीच होती. दोन फुटांची, लोखंडी अँगलच्या चौकटीतली, शाळेच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेली आणि तू रिक्षात मांडीवर धरून आणलेली. मी काचेजवळ गेलो तसे सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडझाप करू लागले. दवाखान्याचा आठवडा आणि हे दहा दिवस. मला वाटलं, उपाशी असतील बिचारे. हात खाद्याच्या डबीकडे गेला आणि थांबला. पाणी नितळ होतं. वाळू धुतल्यासारखी. पंपाचे बुडबुडे चालू. बंद घरात कुणीतरी यांना रोज घालत होतं, आणि मोजून घालत होतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला उशिराच कळतं, हे तुला माहीत आहे.

*

आपलं आयुष्यभर एकाच गोष्टीवर भांडण झालं. किती घालायचं, आणि किती वेळा.

तुझा नियम ठरलेला. दिवसातून दोनदा, सकाळी शाळेला निघताना आणि संध्याकाळी दिवा लावताना. चिमटीत येतं त्याच्या अर्धं. घड्याळ बघायचं, दोन मिनिटांत संपलं पाहिजे. उरलं तर रबरी नळी लावून ओढून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी घालायचं. उन्हाळ्यात पाणी तापलं, लाईटचा भरवसा नसला, की एकाच वेळेला. आणि शनिवारी काही नाही.

"उपास कसला माशांना?" मी हसायचो. "मारुतीचा?"

"पोटाला सुट्टी. शाळेला असते ना तशी."

"तू उपाशी मारतेस त्यांना. बघ कसे तोंड वासतात."

"दिगू, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. तू तुझ्या पोटाने मोजतोस."

"मग वर कशाला येतात?"

"तू आलास म्हणून येतात. भूक लागली म्हणून नाही."

तू फळ्यापुढे उभं राहून सांगावंस तसं सांगायचीस, की मासे उपासाने सहसा मरत नाहीत, उरलेल्याने मरतात. न खाल्लेलं तळाशी जातं, कुजतं, त्याचं विष पाण्यात उतरतं. "आपल्याला खोलीत घाण वास आला तर आपण उठून बाहेर जातो. त्यांनी कुठे जायचं?"

पण अक्का, माझं खरं भांडण माशांवरून नव्हतंच. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू सतरा. तेव्हापासून माझं ताट तू वाढलंस. आपल्या गावाकडे पाहुण्याचा हात ताटावर आडवा असतानाही त्यावरून वरण ओततात. नको म्हणणाऱ्याला पोळी वाढली नाही तर ती वाढणारीची नामुष्की. आणि तू एकदा वाढायचीस आणि बसायचीस. "अजून घे" असं तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मित्रांच्या आया मागे लागलेल्या बघायचो आणि वाटायचं, आपलंच घर असं कोरडं का? एकदा रागाने विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "भूक लागली की तू ताट पुढे करशील. मी इथेच आहे."

तू इथेच आहेस, हे त्या वाक्यातलं महत्त्वाचं होतं. मी फक्त ताटाचं ऐकलं.

आबांनाही लेकीचा हा नियम पटला नाही. गाव सोडून तुझ्याकडे राहायला आले ती शेवटची तीन वर्षं त्यांची खुर्ची टाकीपुढेच असायची. सगळ्यात थोराड, पोट सुटलेल्या सोनेरी माशाला ते 'पाटील' म्हणायचे. जेवताना भाकरीचा एक कुटका मुठीत लपवून न्यायचे आणि तू पकडायचीस.

"आबा, मूठ उघडा."

"अवं बाई, मुका जीव शेतस. एवढासा कुटकाघाई काय व्हस?"

"काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. मला नळीने काढावं लागतं."

"मास्तरीण शे का जेलर शे तू?" आबा त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, आणि काचेकडे तोंड करून, "पाटील, आपलं दोन्हीसनं नशीब एकच शे भाऊ." तू तोंड फिरवून हसायचीस. मी पाहिलंय.

आबा गेले तेव्हा मी पारोळ्याच्या स्टँडवर चहा पीत होतो. गाडी पंक्चर झाली होती. पोचलो तोवर तू त्यांचे डोळे मिटवले होतेस. तू मला काही बोलली नाहीस. त्या खुर्चीत आठवडाभर कुणी बसलं नाही.

*

आता आपांचं.

समोरच्या घरात त्या शिवणकाम करायच्या. फॉल, पिको, झबली, शाळेचे गणवेश. तू त्यांना 'आपा' म्हणायचीस, त्या तुला 'बाई'. दोघींत मोठी कोण हे कधी ठरलं नाही, कारण दोघींचीही जन्मतारीख शाळेत घालणाऱ्याने अंदाजे टाकलेली. रोज संध्याकाळी मशीन थांबलं की आपा पायऱ्या उतरून यायच्या. तुझ्या हातचा आल्याचा चहा आणि त्यांच्या चौकशा.

"बाई, तुझा भाऊ जाडा झाला गं. धुळ्याचं पाणी लागलं."

"पाणी नाही, बायको लागली. मंगल आग्रह करते."

तू मोठ्याने हसायचीस ते फक्त त्यांच्यासमोर. शाळेत नाही, माझ्यासमोर नाही. ते हसणं गल्लीत ऐकू यायचं. ते माझ्यामुळे बंद झालं असं मी बारा वर्षं धरून चाललो.

त्या वर्षी सुट्टीत तुला पेपर तपासायला नाशिकला बोलावलं. पंधरा दिवस. जायच्या आदल्या दिवशी तू वर्तमानपत्राच्या पंधरा पुड्या बांधल्यास, प्रत्येकीवर वार घातलास आणि आपांच्या हातात दिल्यास. शनिवारचीही पुडी होती, घडी घातलेली, रिकामी. वर लिहिलं होतं 'आज नाही.'

"रिकामी पुडी कशाला बांधतेस?" मी विचारलं होतं.

"नसली तर माणूस शोधत बसतो. मग मनानेच घालतो."

तू नाशिकला असताना मध्येच अक्षय्य तृतीयेची आखाजी आली. पितर म्हणून आबांची घागर दर वर्षी तुझ्याच घरी भरायची, कारण त्यांनी प्राण तिथेच सोडला होता. मंगलने पहाटे उठून पुरणपोळी, खीर, आमरस, कुरडया असा डबा करून दिला आणि मी पहिल्या गाडीने जळगावला आलो. शुक्रवार होता. रमजान नुकताच लागला होता. आपांनी सकाळची पुडी घालून मला किल्ली दिली. "मासे जेवले, भैया. आता तू तुझ्या आबांना जेवू घाल."

मी घागर मांडली, वर डांगराचं फळ ठेवलं, निखाऱ्यावर तूप-घासाची आगारी टाकली आणि पानावर घास वाढून गच्चीवर नेला. कावळा आला नाही. बारा वाजले, एक वाजला. उन्हाने गच्ची भाजत होती. आज कळतं की त्या उन्हात कोणता कावळा सावली सोडून येईल? पण तेव्हा मला तेवढं सुचलं नाही. मला पारोळ्याचा चहा आठवत होता. वाटलं, आबा माझ्यावर रुसलेत. जाताना मुलगा नव्हता, आता त्याच्या हातचं कशाला घेतील?

तीन वाजता पान घेऊन खाली आलो. टाकीपुढे आबांची खुर्ची. मी काचेजवळ गेलो आणि पाटील वर आला. बाकीचेही आले. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आबांचं राहिलेलं हेच तर! त्यांना यांना पोटभर घालायचं होतं, आणि तू कधी घालू दिलं नाहीस. कावळ्याची वाट कशाला बघायची?

मी पूर्ण घास टाकला, अक्का. पुरणपोळी कुस्करून, भात, आणि वाटीभर खीर. 'आबा, घ्या' असं म्हणूनच टाकला. पाटलाने पुरणाचा तुकडा धरला आणि खाली नेला. मी आबांच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. ते गेल्यावर पहिल्यांदा. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. संध्याकाळी लाईट गेली, पंप बंद पडला, त्याचंही मला काही वाटलं नाही. मी शांत झोपलो.

सकाळी पाणी ताकासारखं झालं होतं. वर फेस. दोन काळे मासे उताणे तरंगत होते. बाकीचे पृष्ठभागाला तोंड लावून हवा ओढत होते, आणि मी, मूर्ख, त्यांना भूक लागली असं आधी समजलो. मग बादलीने पाणी काढलं, नळाचं ओतलं. वाटीने भाताची शितं उपसली. दहा वाजेपर्यंत सगळे गेले. पाटील शेवटी गेला. आडवा पडून त्याचा एक कल्ला बराच वेळ हलत होता.

दार वाजलं. आपा होत्या. शनिवार होता, घालायचं काही नव्हतं, तरी पाणी बघायला आल्या होत्या.

"या अल्ला! भैया, काय झालं हे?"

मी ठरवलं नव्हतं. आईशप्पथ ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "काल सकाळी तुम्ही किती घातलं होतं?"

"एक पुडी. शुक्रवारची."

"एकच?"

"एकच, भैया. माझा रोजा आहे. रोज्यात मी खोटं बोलेन?"

"मग मेले कसे?"

त्या काचेकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताकडे. म्हणाल्या, "दोन चिकटून आल्या असतील का रे? मला दिसलं नसेल का?" तो त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी फक्त गप्प राहायचं काम केलं. त्या भिंत धरून आपल्या घरी गेल्या.

आणखी एक लिहितो. तिथे आमच्यातली कुणी शेजारीण असती, तर तो प्रश्न इतक्या सहज माझ्या तोंडून निघाला असता का? मला माहीत नाही, असं लिहिणार होतो. पण ती पळवाट आहे. नसता निघाला.

मंगळवारी तू आलीस. पुढच्या रविवारी मी आलो, तेव्हा टाकी कोरडी होती आणि वाळू धुवून वर्तमानपत्रावर पसरली होती. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "तू काही टाकलं होतंस का, दिगू?"

"नाही. मी हातसुद्धा लावला नाही. आपांनाच विचार."

तू वर बघितलंस. फार वेळ नाही, दोन मिनिटं तर नाहीच. "बरं," म्हणालीस आणि चहा टाकायला आत गेलीस.

त्या दिवशी संध्याकाळी मशीन थांबलं, पण पायऱ्यांवर कुणी आलं नाही. पुढच्या वेळीही नाही. समोरची खिडकी मी येताच बंद व्हायची. तू नवे मासे आणलेस. आपांचं नाव तू काढलं नाहीस आणि मी विचारलं नाही. हळूहळू माझं येणं कमी झालं. दर रविवारचं महिन्याचं झालं, मग सणावाराचं. मंगलला कामाचं सांगायचो. खरं हे होतं की ती बंद खिडकी मला बघवत नव्हती. सांगून टाकलं असतं तर उघडली असती, हेही कळत होतं. पहिल्या महिन्यात सांगणं सोपं होतं. वर्षाने अवघड झालं. पाच वर्षांनी सांगणं म्हणजे पाच वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगणं. तू नळीने रोजचं रोज काढायचीस. मी काढलं नाही.

*

दवाखान्यात तू तीन दिवस शुद्धीवर होतीस. मी उशाशी होतो. मोसंबीचा रस चमच्याने घालायचो, आणि तू तिसऱ्या चमच्याला ओठ मिटायचीस. मी म्हणायचो, "अजून एक, अक्का." आयुष्यभर तू मला कधी न म्हटलेलं वाक्य. तू मान हलवायचीस. दुसऱ्या दिवशी तू स्पष्ट म्हणालीस, "आपांना सांग, उद्या शनिवार. उद्या नाही."

मला वाटलं, तुला भ्रम झालाय. बारा वर्षं मागे गेलीयेस. मी "हो, सांगतो" म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही. कुणाला सांगणार होतो? पण मी तेव्हा बोलू शकलो असतो. खोलीत आपण दोघंच होतो. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी चमचा धूत होतो.

*

दहाव्याच्या दुपारी, नितळ पाणी बघितल्यावर, मी समोरच्या पायऱ्या चढलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. आपा मशीनवर होत्या. केस पांढरे झालेत. त्यांनी मान वर केली नाही.

"बस, भैया."

मी बसलो नाही. म्हणालो, "आपा, ते मासे मी मारले होते. तुम्ही नाही."

त्यांनी दाताने दोरा तोडला. "मालूम आहे."

"कधीपासून?"

"बाई आली ना नाशिकहून, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आम्ही दोघी नळावर वाळू धुवायला बसलो. त्यात चारोळी निघाली. अर्धी मूठ. बाईने एक उचलली, दाताखाली धरली, म्हणाली, मंगलची खीर. तिलाच इतकी चारोळी घालायची सवय आहे."

म्हणजे त्या रविवारी तू विचारलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही दोघी... बोलत होतात?"

"रोज. रोज चहा व्हायचा. तू आलास की नाही यायची मी. बाईनेच सांगितलं. म्हणाली, आपा, तुम्हाला बघून त्याची मान खाली जाईल. त्याला सांगू दे आधी, मग या." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला हे पटलं नव्हतं, तुला सांगते. राग होता मला. आजही आहे. बाई येईपर्यंतचे चार दिवस मी रोजा सोडायचे तर घशाखाली पाणी उतरत नव्हतं. स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या मी. आणि नंतर बारा वर्षं, तू गल्लीत दिसलास की माझ्याच घरात मी खिडकी लावून बसायची. चोर तू आणि कोंडून मी."

त्यांनी कापड पुढे सरकवलं.

"मी बाईला म्हणायची, कान धर त्याचा आणि विचार. ती म्हणायची, एकदा विचारलंय. पुन्हा विचारलं तर पुन्हा खोटं बोलेल. एक पुरे झालं त्याला."

अक्का, हे ऐकलं आणि मी त्यांच्या उंबऱ्यातच बसलो. तू मला खोटंसुद्धा मोजून घालू दिलंस. जास्त झालं तर मी कुठे जाणार, हे तुला ठाऊक होतं. आणि दर वेळी मी आलो की चहा ठेवून समोर बसायचीस, काही न विचारता, ते मी कोरडेपणा समजत होतो. तू इथेच आहेस, हे सांगत होतीस. ताट मीच पुढे केलं नाही.

आपांनी कप आणून माझ्यापुढे ठेवला. आल्याचा वास तुझ्याच चहाचा. "दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. होतीच नेहमी. खाद्याच्या पुड्याही आहेत, दवाखान्यात जायच्या आधी महिन्याच्या बांधून दिल्यात तिने."

"टाकी मी धुळ्याला नेऊ का, आपा?"

"खबरदार." मग दोरा ओवता ओवता, "शनिवारी येत जा. त्या दिवशी काही घालायचं नसतं. तुझ्या हाताचा धोका नाही."

*

आज तुझा तेरावा. आणि आज शनिवार आहे.

घर माणसांनी भरलं होतं. पंगत उठत होती, दुसरी बसत होती. मंगल आणि गावाकडच्या बायका बुंदी घेऊन फिरत होत्या. "घ्या हो, बाईंच्या नावाने एक मूठ तरी." नको म्हणणाऱ्यांच्या पानात पडत होतं. दुपारी आपा समोरच्या दाराने आल्या, डोक्यावर ओढणी घेऊन, आणि आबांच्या खुर्चीत बसल्या. त्यांना तिथे बसलेलं बघून दोन-चार जणांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात नाना जेवून, हात पुसत टाकीपाशी आले. आबांचे चुलतभाऊ, आबांसारखेच. त्यांच्या मुठीत बुंदी होती. मासे वर आले.

"देख रे दिगू, कसा तोंड वासतस! मुका जीव शेतस. बाईना तेरावा शे, त्यासनं बी तोंड गोड होऊ दे."

आणि त्यांनी मूठ पाण्यावर धरली.

मी त्यांचं मनगट पकडलं. जोरात पकडलं असणार, कारण बुंदीचे दाणे जमिनीवर सांडले.

"नाना, नको. बारा वर्षांपूर्वी मी घातलं होतं. आबांचा घास होता, आखाजीचा. दुसऱ्या सकाळी सगळे मेले." मी आपांकडे वळलो. "आणि मी म्हणालो, आपांनी मारले. त्यांनी नव्हते मारले. मी मारले."

मंगल बुंदीचं पातेलं धरून दारात उभी होती. तिलाही हे आजच कळलं. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग आपांकडे. आपा उठल्या, खाली वाकल्या आणि जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून ओढणीच्या टोकात वेचू लागल्या.

"शनिवार आहे, नाना," त्या म्हणाल्या. "आज त्यांना काही नसतं."

नाना "बरं, बरं" म्हणत हात धुवायला गेले. बाहेर पुढची पंगत बसली.

आता सगळे गेलेत. आपा मघाशी एक पुडी हातात देऊन समोर गेल्या. खिडकी उघडी आहे, मशीनचा आवाज येतोय. माझ्यापुढे तू बांधलेली आजची पुडी आहे, तुझ्या अक्षरातली, 'आज नाही.' मी ती उघडून बघितली, अक्का. खरंच रिकामी आहे. परत घडी घातली. मासे काचेशी आलेत, सगळे. मी हात मांडीवर ठेवून बसलोय.